कुलूपबंद ग्रंथ आणि हसणारे टीकाकार

सायंटॉलॉजी या अमेरिकेत जन्मलेल्या पंथावरील टीकालेखन आता थोडेथोडके नाही. १९७१ साली पॉलेट कूपर या पत्रकार स्त्रीचे 'द स्कँडल ऑफ सायंटॉलॉजी' हे पुस्तक निघाले. मे १९९१ मध्ये 'टाइम' साप्ताहिकाने रिचर्ड बेहार यांचा लेख मुखपृष्ठावर घेतला. २०१३ साली लॉरेन्स राइट यांचे 'गोइंग क्लिअर' आले आणि २०१५ साली अॅलेक्स गिबनी यांनी त्यावरून माहितीपट केला. या सर्वांनी धोका पत्करून लिहिले आहे आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे. माझी तक्रार त्यांच्या वाचकांविषयी आहे. हे सर्व वाचून, पाहून सुशिक्षित समाजाने या पंथाविषयी जी भूमिका घेतली, ती मला अपुरी वाटते. अपुरीच नव्हे तर सोयीचीही वाटते. ती भूमिका हसण्याची आहे.

हा समाज कशाला हसतो? तो एका कथेला हसतो. साडेसात कोटी वर्षांपूर्वी झेनू नावाच्या एका विश्वसम्राटाने आपल्या ग्रहांवरील अतिरिक्त प्रजा पृथ्वीवर आणली, ज्वालामुखींभोवती ठेवली आणि हायड्रोजन बॉम्बने उडवून दिली. त्या मेलेल्यांचे आत्मे आज आपल्या शरीरांना चिकटून आहेत आणि आपली दुःखे त्यांच्यामुळे आहेत. पंथाचा संस्थापक एल. रॉन हबर्ड याने १९६०च्या दशकात ही कथा आपल्या वरच्या पायरीच्या शिकवणीत घातली. हबर्ड मूळचा विज्ञानकथा आणि साहसकथा लिहिणारा. तेव्हा हसणाऱ्यांचे काम आणखी सोपे झाले. २००५ साली 'साउथ पार्क' या अमेरिकी व्यंगमालिकेने ही कथा चित्रांतून दाखवली आणि जगभर हशा पिकला.

मला या हशात सामील होता येत नाही. वराहाने पृथ्वी सुळ्यावर उचलून धरली, या कथेपुढे जो हात जोडतो, एक माणूस ब्रह्म्याच्या मुखातून जन्मला आणि दुसरा पायांतून, या कथेवर ज्याने आपले घर, आपला पाणवठा आणि आपले स्मशान वेगळे केले, त्याला झेनूला हसण्याचा अधिकार कोणी दिला? कुमारीला पुत्र झाला, समुद्र दुभंगला, प्रेत उठून चालू लागले, हे ज्याच्या बालपणीच मनात मुरले, त्यालाही तो अधिकार नाही. कथा जुनी झाली की तिच्यावर शेंदूर चढतो. मग ती विचित्र वाटत नाही. झेनूच्या कथेवर अजून शेंदूर चढलेला नाही, एवढाच तिचा दोष. तेव्हा कथा विचित्र आहे, हा माझ्या मते या पंथावरील आक्षेपच होऊ शकत नाही. आक्षेप आहे तो कथेला घातलेल्या कुलपावर, त्या कुलपाच्या किमतीवर आणि कुलपामागे अडकलेल्या माणसांवर.

आधी कुलूप पाहू. १९५० साली हबर्डचे 'डायनेटिक्स' हे पुस्तक निघाले. मनावर उमटलेले जुन्या आघातांचे ठसे प्रश्नोत्तरांनी पुसून टाकता येतात, असा त्यात दावा होता. डिसेंबर १९५३ मध्ये न्यू जर्सीत 'चर्च'ची नोंदणी झाली आणि काल जो उपचार होता तो आज धर्म झाला. या प्रश्नोत्तरांना पंथात 'ऑडिटिंग' म्हणतात. समोरच्या माणसाने दोन डबे हातांत धरायचे. त्वचेतून जाणाऱ्या सूक्ष्म विजेला होणारा विरोध 'ई-मीटर' नावाच्या यंत्राच्या काट्यावर दिसतो आणि त्यावरून मनातला आघात सापडला की नाही हे ठरते. १९६३ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने वॉशिंग्टनमध्ये छापा घालून ही यंत्रे जप्त केली. पुढे १९७१ साली न्यायालयाने यंत्र फक्त धार्मिक विधीत वापरण्याची मुभा दिली. रोगाचे निदान वा उपचार करण्यास ते उपयोगी नाही, अशी सूचना लावण्याची अट घातली.

या मार्गाला पंथात 'पूल' म्हणतात. पुलावर पायऱ्या आहेत. खालच्या पायऱ्यांची पुस्तके दुकानात मिळतात. वरच्या पायऱ्यांचे लेखन मात्र गुप्त. झेनूची कथा तिसऱ्या 'ऑपरेटिंग थेटन' पायरीवर येते. तेथे पोहोचण्यास वर्षे लागतात आणि फार मोठी रक्कम लागते. पात्रता नसताना ते कोणी वाचले तर तो आजारी पडेल, मरेलही, असा इशारा हबर्डने देऊन ठेवला होता.

१९८५ साली या कुलपाची खरी परीक्षा झाली. लॉरेन्स वॉलरशाइम नावाच्या माजी अनुयायाने पंथावर लॉस एंजेलिसमध्ये दावा लावला होता. त्या खटल्यात गुप्त लेखनाची पाने न्यायालयात दाखल झाली आणि न्यायाधीशांनी ती लोकांना पाहण्यास खुली केली. नोव्हेंबरमध्ये त्या दिवशी सुमारे दीड हजार अनुयायी न्यायालयाच्या इमारतीत घुसले. त्यांनी मजले व्यापले, रांगा अडवल्या, प्रतींसाठी शेकडो अर्ज टाकून कारकुनांना गुंतवून ठेवले. हेतू एकच, की दुसऱ्या कोणाच्या हाती ती पाने पडू नयेत. तरीही 'लॉस एंजेलिस टाइम्स'ने प्रत मिळवली आणि सार छापले.

हे दृश्य मला झेनूच्या कथेपेक्षा कितीतरी अधिक विचार करण्याजोगे वाटते. त्या गर्दीतल्या ज्यांनी ती पायरी गाठली नव्हती, त्यांनी ती पाने स्वतःही वाचलेली नव्हती. पंथाच्या नियमाप्रमाणे त्यांना वाचताच येत नव्हती. जो ग्रंथ आपल्याला वाचू दिलेला नाही, तो दुसऱ्याने वाचू नये म्हणून ते छातीची भिंत करून उभे होते. ज्यांच्या पूर्वजांच्या कानांत वेदाचा शब्द पडला तर शिसे ओतण्याची शिक्षा धर्मसूत्रात लिहून ठेवलेली होती, त्यांना हे दृश्य समजावून सांगण्याची गरज नाही. ग्रंथ बंद ठेवण्याची युक्ती सगळीकडे सारखीच चालते. वाचणाऱ्याला आधी अपात्र ठरवायचे. मग त्याच्या हिताच्या नावाने त्याला भीती घालायची. शेवटी त्या अपात्रालाच दारावर पहारेकरी म्हणून बसवायचे. फरक आहे तो पात्रतेत. तेथे पात्रता जन्माने ठरत होती, येथे ती पैशाने ठरते. जन्म बदलता येत नाही आणि पैसा मिळवता येतो, म्हणून हा प्रकार अधिक लोकशाहीचा, असे कोणी म्हणेल. म्हणोत. ज्याच्याकडे पैसा नाही त्याला दोन्ही दारे सारखीच बंद दिसतात.

आता किंमत. सायंटॉलॉजीत दक्षिणा मनाला येईल तेवढी ठेवायची नसते. दरपत्रक असते. त्याला 'ठरावीक देणगी' असे गोंडस नाव आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर १९८९ साली हर्नांडेझ खटल्यात हे दर आले. १९७२ साली साडेबारा तासांच्या ऑडिटिंगला ६२५ डॉलर आणि शंभर तासांना ४,२५० डॉलर. आगाऊ पैसे भरणाऱ्यास पाच टक्के सूट. न वापरलेल्या तासांचे पैसे परत. यामागे तत्त्वज्ञानही आहे. काही घेतले तर त्याच्या बदल्यात काही दिलेच पाहिजे, असा पंथाचा विनिमयाचा सिद्धांत आहे. ऑडिटिंग म्हणजे मराठीत हिशेबतपासणी. येथे ती आत्म्याची चालते म्हणतात, परंतु खतावणी मात्र अगदी खरी आहे.

खटल्यातील प्रश्न होता, हे पैसे करातून वगळण्याजोगी देणगी मानायचे काय? न्यायालयाने नाही म्हटले. मोजून दिले आणि मोजून घेतले, ती देणगी कसली? पण न्यायमूर्ती ओकॉनर यांनी भिन्नमत नोंदवले आणि त्यांना न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी साथ दिली. त्यांचा मुद्दा टाळता येण्यासारखा नाही. चर्चमधल्या बाकांचे भाडे, मृतासाठी करवून घेतलेल्या प्रार्थनेचे पैसे, ज्यू सणांच्या प्रार्थनेची तिकिटे, हे सगळे सरकार आजवर देणगी मानत आले आहे. मग या एका नव्या पंथालाच वेगळी फूटपट्टी का?

हसणाऱ्या टीकाकारांपाशी या प्रश्नाला उत्तर नाही, कारण आपल्या घरातल्या दरपत्रकाकडे त्यांनी कधी पाहिलेलेच नसते. माझे उत्तर असे की फूटपट्टी एकच असावी आणि ती सर्वांना लावावी. नव्या पंथाला सवलत मिळू नये. जुन्या धर्माच्या बाकाचे भाडे आणि श्राद्धाची दक्षिणाही त्याच पट्टीने मोजली जावी. ओकॉनर यांच्या मुद्द्यातून सायंटॉलॉजीचे समर्थन निघत नाही. त्यातून जुन्या धर्मांची झडती निघते.

पुढे झाले ते याहून बोलके आहे. १९६७ पासून अमेरिकेच्या करखात्याने पंथाची करमाफी नाकारली होती. पंथाने आणि त्याच्या अनुयायांनी करखात्यावर दोन हजारांहून अधिक दावे लावले. अखेर ऑक्टोबर १९९३ मध्ये खात्याने करमाफी दिली. त्या तडजोडीत पंथाने १ कोटी २५ लाख डॉलर भरले आणि ऑडिटिंगच्या शुल्कावर अनुयायांना करसवलतही मिळाली. म्हणजे सर्वोच्च न्यायालयाने जे नाकारले ते खात्याने टेबलावर देऊन टाकले. आणि ही तडजोडही गुप्तच होती. १९९७ साली 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने ती छापली तेव्हा लोकांना कळली. आडपडदा केवळ धर्मगुरूच ठेवतात असे नाही. त्यांच्याशी सौदा करणारे शासनही ठेवते.

तिसरी गोष्ट आत अडकलेल्या माणसांची. येथे मला राइट यांच्या पुस्तकाविषयी थोडे सविस्तर बोलायचे आहे. पुस्तक परिश्रमाने लिहिलेले आहे. ब्रिटनमध्ये ज्या प्रकाशकाने ते काढायचे ठरवले होते त्याने बदनामीच्या दाव्याच्या भीतीने माघार घेतली, यावरून त्याची धार कळते. या पुस्तकाची सुरुवात 'न्यू यॉर्कर'मधील २०११च्या लेखातून झाली आणि त्या लेखाचा नायक होता चित्रपट दिग्दर्शक पॉल हॅगिस. तीन दशकांहून अधिक काळ तो पंथात होता. समलिंगी विवाहाविरुद्धच्या मोहिमेला पंथाच्या एका शाखेने दिलेल्या पाठिंब्यावरून २००९ साली तो बाहेर पडला. पुस्तकाच्या उपशीर्षकात हॉलीवूड आहे आणि 'श्रद्धेचा तुरुंग' आहे. या दोन शब्दांशी माझा वाद आहे.

हॉलीवूडचा तारा पैसे देऊन आत जातो आणि कंटाळला की प्रतिष्ठेनिशी बाहेर येतो. पंथाचा गाडा मात्र ओढतात ते 'सी ऑर्ग' नावाच्या सेवकदलातले लोक. ते एक अब्ज वर्षांच्या सेवेच्या करारावर सही करतात. आठवड्याला सुमारे ५० डॉलर हातखर्ची मिळे, असे बाहेर पडलेल्यांनी सांगितले आहे. पंथाचा प्रमुख डेव्हिड मिस्कॅव्हेज याची पुतणी जेना मिस्कॅव्हेज हिल हिने आपल्या २०१३च्या आत्मकथनात लिहिले आहे की, तिने वयाच्या सातव्या वर्षी या करारावर सही केली आणि पंथाच्या वसाहतीत मुलांकडून अंगमेहनतीची कामे करून घेतली जात. पंथाने असे आरोप नेहमीच नाकारले आहेत. राइट यांनी या लोकांच्या साक्षी घेतल्या आहेत, हे मी नाकारत नाही. पण पुस्तकात ते बहुधा साक्षीदार म्हणूनच उभे राहतात. वाचकाचे डोळे ताऱ्यांवर खिळून राहतात. माहितीपटात तर हे अधिकच जाणवते.

आणि तुरुंग केवळ श्रद्धेचा आहे काय? सी ऑर्गचा माणूस नोकरी सोडून निघाला की त्याच्या हातात बिल पडते. सेवेत असताना जे शिक्षण आणि ऑडिटिंग त्याला फुकट मिळाले, त्याची पूर्ण दराने आकारणी होते. त्याला पंथाच्या भाषेत फुकट्याचे कर्ज म्हणतात. आयुष्यभर जवळजवळ बिनपगारी राबलेला माणूस बाहेर पडताना फुकट्या ठरतो! सालगडी वर्षभर राबतो आणि दिवाळीला सावकाराच्या वहीत त्याच्याच नावावर बाकी निघते, ती ही वही आहे. दुसरी भिंत रक्ताच्या नात्यांची. ज्याला पंथ 'दमनकारी' ठरवतो, त्याच्याशी आईने, भावाने, मुलानेही संबंध तोडायचा. तिसरी भिंत कबुलीजबाबांची. ऑडिटिंगमध्ये माणूस आयुष्यातल्या लाजिरवाण्या गोष्टी सांगतो आणि त्या नोंदवून ठेवलेल्या असतात. कर्ज, नाती आणि नोंदी या तिन्ही भिंती मनाबाहेरच्या आहेत. श्रद्धा संपल्यावरही त्या उभ्याच राहतात. 'श्रद्धेचा तुरुंग' म्हटले की दोष कैद्याच्या भोळेपणावर जातो आणि भिंत बांधणारा सुटतो.

मार्क आणि क्लेअर हेडली या माजी सी ऑर्ग दाम्पत्याने सक्तीच्या श्रमाचा दावा लावला. २०१२ साली अपील न्यायालयात ते हरले. बाहेर पडण्याचा मार्ग त्यांना मोकळा होता, समाजातून आणि कुटुंबातून तुटण्याची भीती म्हणजे या कायद्याच्या अर्थाने सक्ती नव्हे, असा त्या निकालाचा रोख होता. गावाने वाळीत टाकण्याची भीती ज्याने पिढ्यान्पिढ्या भोगली आहे, त्याला या निकालाविषयी काय वाटेल, हे मी वेगळे लिहीत नाही.

हसणाऱ्यांनी आणखी एका गोष्टीचा विचार करावा. त्यांच्या आधी ज्यांनी प्रश्न विचारले त्यांना किती किंमत मोजावी लागली? पॉलेट कूपर हिचा जन्म बेल्जियममधला. तिचे आईवडील नाझींच्या छळछावणीत मारले गेले. पुस्तक निघाल्यावर तिच्यावर दाव्यांची रीघ लागली. मग तिच्या नावाने बॉम्बच्या धमकीची पत्रे तयार करण्यात आली आणि १९७३ साली तिच्यावरच फौजदारी आरोप ठेवला गेला. जुलै १९७७ मध्ये एफबीआयने पंथाच्या कार्यालयांवर छापे घातले तेव्हा कागदपत्रांत तिला तुरुंगात किंवा वेड्यांच्या इस्पितळात धाडण्याची योजना सापडली. त्याच छाप्यांतून उघड झाले की पंथाची माणसे सरकारी कचेऱ्यांत घुसून कागद चोरत होती. १९७९ साली हबर्डची पत्नी मेरी सू हिच्यासह वरिष्ठ अधिकारी दोषी ठरले. 'टाइम'वरचा ४१ कोटी ६० लाख डॉलरचा दावा न्यायालयाने फेटाळला, पण तो निकालात निघेपर्यंत वर्षे गेली. कूपर एकटी होती, 'टाइम'पाशी वकिलांची फौज होती. प्रश्न विचारण्याचा खर्चही असा सर्वांना सारखा नसतो.

मग अशा पंथावर बंदी घालावी काय? ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने ते करून पाहिले. केव्हिन अँडरसन यांच्या चौकशीच्या अत्यंत कडक अहवालानंतर १९६५ साली कायदा झाला. पंथाने नाव बदलले आणि तो टिकून राहिला. १९८३ साली तेथील उच्चतम न्यायालयाने त्याला धर्म म्हणून मान्यता दिली. धर्मस्वातंत्र्य हवे असेल तर भोंदूपणाही सोसावा लागतो, अशा आशयाचे उद्गार त्या निकालात आहेत. फ्रान्सने दुसरी वाट धरली. २००९ साली पॅरिसच्या न्यायालयाने पंथाच्या दोन संस्थांना संघटित फसवणुकीबद्दल सुमारे सहा लाख युरोंचा दंड केला आणि २०१३ साली सर्वोच्च पातळीवर तो कायम झाला. तेथे झेनूचा विषय महत्त्वाचा नव्हता. व्यक्तिमत्त्वाची फुकट चाचणी करून माणसाला महागड्या वस्तूंकडे आणि अभ्यासक्रमांकडे कसे ओढले, हा विषय होता. मला ही वाट योग्य वाटते. श्रद्धेला न्यायालयात ओढू नये. व्यवहाराला मात्र सोडू नये.

शेवटी एक गोष्ट, जी आपल्याशी थेट संबंधित आहे. हबर्डने आपल्या पंथाला बुद्धाचा वारस म्हटले होते. 'हिम ऑफ एशिया' या १९७४ साली पुस्तकरूपाने निघालेल्या त्याच्या काव्यात तो स्वतः मेत्तेय, म्हणजे येणारा बुद्ध आहे काय, असा प्रश्न वाचकापुढे ठेवतो. हा दावा हसण्यावारी नेऊ नये, तपासावा. महापरिनिब्बान सुत्तात वृद्ध बुद्ध आनंदाला सांगतो की, आपण शिकवणीत आतली आणि बाहेरची असा भेद केला नाही आणि काही राखून ठेवणाऱ्या गुरूची बंद मूठ आपल्यापाशी नाही. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' लिहिताना बुद्धाच्या याच उघडेपणावर भर दिला: त्याने मोक्षाचे दान देण्याचा दावा केला नाही आणि आपला शब्द अंतिम मानावा असेही म्हटले नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखोंनी बावीस प्रतिज्ञा मोकळ्या मैदानावर मोठ्याने म्हटल्या. आपण काय स्वीकारतो आणि काय नाकारतो, हे तेथल्या निरक्षर शेतमजुरालाही त्याच क्षणी ऐकू येत होते. ज्याची पुढची पायरी काय सांगते हे पैसे भरल्यावाचून कळत नाही, त्याने बुद्धाचे नाव घेऊ नये.

आणि हाच निकष आपल्यालाही लागू आहे. बुद्धाच्या नावाने चालणारे एखादे शिबिर उद्या दरपत्रक लावू लागले, आमच्याच चळवळीतला एखादा पुढारी कागद कपाटात ठेवून 'तुम्हाला ते कळायचे नाही' म्हणू लागला, तर त्यालाही हेच विचारले पाहिजे. जे शिक्षक आणि कार्यकर्ते हे वाचतील त्यांना माझी सूचना आहे की, विद्यार्थ्यांना झेनूची गोष्ट सांगून हसवू नका. त्यांना विचारायला शिकवा: ग्रंथ आधी वाचायला मिळतो काय, पैसे नसलेल्याला आत येता येते काय, आणि ज्याला निघायचे आहे त्याला आपली माणसे गमावल्यावाचून निघता येते काय? हे प्रश्न अमेरिकेतल्या पंथाला विचारायचे, तसेच गावच्या देवळालाही विचारायचे. दोन्हीकडून उत्तर आले नाही तर दोन्हीकडे पाठ फिरवायची.